शाळेतला शिक्षण सप्ताह: सात दिवसांत मुलांनी काय केलं आणि घरच्यांनी आता काय विचारायचं

ज्या घरात पहिली ते पाचवीतलं लेकरू आहे, त्या घरात शिक्षण सप्ताहात रोज सकाळी काहीतरी शोधाशोध चालू होती. सोमवारी बाटल्यांची बुचं आणि जुन्या लग्नपत्रिका. बुधवारी बूट. गुरुवारी कुणाला शेरवानी हवी, कुणाला नऊवारी. शनिवारी रोप. आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, शाळेतून निरोप आला की अम्मी-अब्बूंना घेऊन या.

साहजिकच अनेक पालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला: "हे सगळं ठीक आहे, पण पढाई कधी?" प्रश्न रास्त आहे. म्हणून हा सप्ताह काय होता, त्यातल्या कुठल्या दिवसाला खरं महत्त्व होतं आणि आपल्या मोहल्ल्यातल्या शाळांच्या दृष्टीने त्यात काय कमी-जास्त होतं, ते आम्ही इथे सांगतो.

देशाचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं. त्याला चार वर्षं पूर्ण होत असल्यामुळे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २२ ते २८ जुलै २०२४ हा आठवडा 'शिक्षण सप्ताह' म्हणून सगळ्या शाळांत साजरा करायला सांगितला. आपल्या राज्यातही तो झाला. प्रत्येक दिवसाला एक विषय होता. सोमवार अध्ययन-अध्यापन साहित्याचा, मंगळवार मूलभूत साक्षरता व संख्याज्ञानाचा, बुधवार खेळाचा, गुरुवार सांस्कृतिक कार्यक्रमांचा, शुक्रवार कौशल्य आणि डिजिटल उपक्रमांचा, शनिवार पर्यावरण व शालेय पोषणाचा आणि रविवार समुदाय सहभागाचा.

पढाई बुडाली का? कायद्याच्या हिशोबाने सांगायचं तर शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. त्यातला एक आठवडा उपक्रमांना गेला तर आभाळ कोसळत नाही. उलट, सोमवार-मंगळवारचे उपक्रम नीट झाले असतील तर तीच खरी पढाई होती. गडबड होते ती दुसरीकडे. जिथे दोन शिक्षक आणि चार वर्ग आहेत, तिथे एक शिक्षक कार्यक्रम घेतो आणि दुसरा फोटो काढून लिंकवर चढवत बसतो. फोटो वर गेला म्हणजे उपक्रम झाला, अशी एक समजूत शाळांच्या गळी उतरवली गेली आहे. त्यात शिक्षकांचा दोष कमी आणि वरून येणाऱ्या सूचनांचा जास्त आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यामुळे पालकांनी फोटो बघून खूश होऊ नये आणि चिडूही नये. पोराची वही बघावी.

बुचं, चिंचोके आणि 'बे-पे-ते'

सोमवारच्या दिवसाला पालकांनी सगळ्यात कमी किंमत दिली. आमच्या मते सगळ्यात कामाचा दिवस तोच होता.

अध्ययन-अध्यापन साहित्य हा शब्द जड आहे. अर्थ इतकाच की लहान मूल कान आणि फळा एवढ्यावर शिकत नाही, त्याला हातात धरायला काहीतरी लागतं. चिंचोके, खडे, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, अक्षरांची कार्डं, पुठ्ठ्याचं घड्याळ. केंद्राने २० फेब्रुवारी २०२३ ला 'जादुई पिटारा' नावाची पेटी आणली, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची कार्डं असतात. ती पेटी शाळेत नसली तरी काही अडत नाही, कारण निम्मं साहित्य आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात पडलेलं असतं.

उर्दू माध्यमाच्या शाळेत हे साहित्य अजून जास्त लागतं. का, ते बघा. उर्दूत बे, पे, ते आणि से या चार हरूफांचा सांगाडा एकच आहे, एका चपट्या होडीसारखा. बेला खाली एक नुक्ता, पेला खाली तीन, तेला वर दोन, सेला वर तीन. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला आकार ओळखून भागत नाही, ठिपके मोजावे लागतात आणि ते वर आहेत की खाली हेही बघावं लागतं. पुढे शब्द जोडताना तेच हरूफ सुरुवातीला वेगळं दिसतं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. पुस्तकात बघून हे पाठ करायला महिना जातो. पण पुठ्ठ्याची एक होडी कापली आणि ठिपक्यांच्या जागी चिंचोके ठेवायला दिले तर पोरं खेळता खेळता दोन-चार दिवसांत पकडतात. 'आता पे कर', 'आता ते कर' असं म्हणायचं, पोरगं चिंचोके खालून उचलून वर ठेवतं. झालं. यात नुक्ता शिकला आणि एक-दोन-तीनही शिकला.

मराठी माध्यमात अडचण दुसरी. तिथे काना, मात्रा, वेलांटी, उकार अक्षराच्या चारही बाजूंना लागतात, आणि ऱ्हस्व वेलांटी तर आधी दिसते पण नंतर उच्चारायची असते. त्यासाठी अक्षराचं एक कार्ड आणि बाराखडीची सरकणारी पट्टी, एवढं पुरतं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद या कामाला उत्तम.

आपल्याकडे अनेक कारागीर आहेत. शिंपी, सुतार, वेल्डर, छपाईवाले, लूमवाले. शाळेतल्या साहित्यासाठी त्यांच्याकडचा वाया गेलेला माल सोन्यासारखा आहे. कापडाच्या चिंध्या, लाकडाचे ठोकळे, छापखान्यातले कापलेले कागद, रिकाम्या कांड्या. हे देणगीच्या पावतीशिवाय देता येतं आणि त्याचा उपयोग एका दिवसापुरता नसतो. सप्ताह संपला म्हणून ते देणं थांबायचं कारण नाही.

मंगळवारचा दिवस, ज्याच्यावर पुढची सगळी शाळा उभी आहे

मूलभूत साक्षरता व संख्याज्ञान. सोप्या भाषेत, समजून वाचता येणं, मनातलं लिहिता येणं आणि साधी बेरीज-वजाबाकी करता येणं. यासाठी केंद्राने ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत हे आलं पाहिजे, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

हे वेगळं अभियान काढायची वेळ का आली? 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीत २०१८ साली देशात तिसरीतल्या २७.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ साली हा आकडा २०.५ टक्क्यांवर आला. मध्ये कोरोनात शाळा बंद होत्या. म्हणजे तिसरीच्या वर्गात पाच मुलं बसली असतील तर त्यातलं जेमतेम एक मूल दुसरीचं पुस्तक वाचू शकत होतं. बाकीची चार रोज शाळेत येतात, हजेरी लागते, खिचडी खातात, वरच्या वर्गात जातात आणि वाचता येत नाही.

आता याला आपल्या राज्यात एक नवं टोक आलंय. पूर्वी आठवीपर्यंत कुणी नापास होत नव्हतं. राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता पास व्हावी लागते. नापास झालं तर पुरवणी परीक्षेची संधी मिळते, तिच्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. एप्रिल २०२४ मध्ये तशी परीक्षा झाली. तिसरीत वाचता न येणारं पोर पाचवीत एकदम कसं वाचेल? ते तिथेच अडकतं. आणि पाचवीत अडकलेलं पोर पुढे कुठे जातं ते सांगायची गरज नाही. गॅरेज, हॉटेल, लूम. मुलगी असेल तर घर. म्हणून बाकी सहा दिवस विसरलात तरी चालेल, हा मंगळवार विसरू नका.

निपुण भारतमध्ये इयत्तेनुसार काय यायला हवं तेही दिलंय. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, ९९९ पर्यंत संख्या. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द आणि ९,९९९ पर्यंत संख्या. यात 'समजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. भराभरा वाचलं आणि काय वाचलं ते सांगता आलं नाही, तर ते वाचन धरायचं नाही.

ही तपासणी घरी पाच मिनिटांत होते, शिकलेलं असायची अटही नाही. पोराला त्याच्या इयत्तेच्या खालच्या वर्गाचं पुस्तक द्या, न शिकवलेला धडा काढा. पाठ झालेला धडा नको, तो पोरं डोळे मिटून म्हणतात. मोबाईलवर एक मिनिट लावा. वाचून झालं की पुस्तक बंद करा आणि विचारा, यात कोण होतं, काय झालं, का झालं. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही अशा अम्मी किंवा दादीलाही उत्तर ऐकून समजतं की पोरगं अडखळतंय की सांगतंय. खालच्या वर्गाचं पुस्तक घरात नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत, उर्दू माध्यमाच्याही.

निकाल वाईट आला तर पोराला मारू नका. वर्गशिक्षकांना जाऊन भेटा आणि सरळ विचारा, "हा कुठल्या पातळीवर आहे, आणि तुम्ही त्याच्यासाठी काय करताय?" असं विचारणारे पालक शिक्षकांना आवडत नाहीत, ही गैरसमजूत आहे. चांगल्या शिक्षकांना असेच पालक हवे असतात.

चार भाषा आणि एक सात वर्षांचं डोकं

इथे आपल्या मुलांची एक खास गोष्ट आहे, जी सरकारी परिपत्रकात कुठे दिसत नाही. उर्दू शाळेत जाणारं पहिलीतलं मूल एकाच वर्षात किती लिप्या बघतं, मोजा. शाळेत उर्दू, उजवीकडून डावीकडे. मराठी, डावीकडून उजवीकडे. राज्याच्या २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या माध्यमांच्या शाळांत सक्तीची आहे. पहिलीपासून इंग्रजी, तीही डावीकडून. आणि मकतबमध्ये कायदा आणि नाजरा, अरबी, पुन्हा उजवीकडून, जेर-जबर-पेशसह. घरात बोलणं वेगळंच: कुठे दखनी, कुठे कोकणी, कुठे खानदेशी वळणाची हिंदी.

हे ओझं आहे की दौलत? दोन्ही. मूल लहान असतं तेव्हा भाषा पटकन उचलतं, यात शंका नाही. पण एक तरी लिपी पक्की झाल्याशिवाय चारही अर्ध्या राहिल्या तर पोरगं प्रत्येक ठिकाणी 'कच्चं' ठरतं. म्हणून माध्यमाची जी भाषा आहे, ती आधी पक्की करायची. उर्दू शाळेत असेल तर उर्दू, मराठी शाळेत असेल तर मराठी. मराठी माध्यमात शिकणारी आपली मुलंही खूप आहेत, विशेषतः कोकणात आणि खेड्यापाड्यांत.

मकतबच्या मौलाना आणि मुअल्लिमा यांची यात मोठी मदत होऊ शकते. अरबी आणि उर्दूचे बरेच हरूफ एकच आहेत. मकतबमध्ये नुक्ते पक्के झाले की शाळेतली उर्दू सोपी जाते, आणि शाळेत पक्के झाले की नाजरा सोपा जातो. दोन्हीकडचे उस्ताद एकमेकांशी बोलतात का? बहुतेक ठिकाणी नाही. एकाच गल्लीत राहून नाही. एवढं जरी या सप्ताहाच्या निमित्ताने सुरू झालं तरी पुरे.

वेळेचं गणितही आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा राज्याचा निर्णय आहे. मुलांची झोप पुरी व्हावी हे त्यामागचं कारण. आपल्याकडे काय झालं, तर सकाळचा तो मोकळा तास मकतबकडे गेला. मकतब जरूर करा, पण मग रात्री पोरं ९ वाजता झोपली पाहिजेत. अकरा-बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे मकतब, मग शाळेत बाकावर डुलक्या. त्याला कुठला सप्ताह काय करणार!

आकड्यांच्या नावांचाही एक घोळ आहे. उर्दूत ७९ म्हणजे उनासी, मराठीत एकोणऐंशी. ८९ उर्दूत नवासी, मराठीत एकोणनव्वद. बाजारात गेलं की दुकानदार तिसरंच म्हणतो, 'एटी नाईन'. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' असं वाचन दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. थट्टा खूप झाली. पण मूळ अडचण खरी होती: आपल्या भाषांत शंभरपर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या वेगळी पाठ करावी लागते. काड्यांचे गठ्ठे इथे कामाला येतात. आठ गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या समोर असल्या की नाव काहीही असो, संख्या डोळ्यांना दिसते.

खेळ, गाणं आणि पाऊस

बुधवारी देशी खेळ होते. लगोरी, लंगडी, विटीदांडू, दोरीउड्या, सागरगोटे. यावर फार लिहायची गरज नाही, पोरांना खेळायला सांगावं लागत नाही. फक्त मुलींबद्दल एक वाक्य. 'तिला नका पळवू' असा निरोप काही घरांतून शाळेत जातो. सात-आठ वर्षांच्या लेकीला धावू द्या. हातपाय मजबूत होणं हा तिचाही हक्क आहे. आणि नेमक्या याच आठवड्यात, शुक्रवारी २६ जुलैला पॅरिसमध्ये ऑलिंपिक सुरू झालं. तिथे आपल्या शेजारच्या तेलंगणातल्या निजामाबादची निखत जरीन मुष्टियुद्धाच्या रिंगणात होती, दोन वेळची जगज्जेती. मुलींना तिचा सामना दाखवा.

गुरुवार सांस्कृतिक दिवस. पण २५ जुलैला राज्याच्या बऱ्याच भागांत पावसाने दुसराच कार्यक्रम केला. पुण्यात खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत शिरलं, शाळांना सुट्टी द्यावी लागली. कोल्हापुरात पंचगंगा पात्राबाहेर आली. अशा ठिकाणी कुणाचं स्नेहसंमेलन आणि कुणाची शेरवानी. जिथे शाळा भरली, तिथे कार्यक्रम झाले.

या दिवसाबद्दल आपल्या घरांत थोडी कुरकुर असते. नाच नको, अमुक गाणं नको. आमचं म्हणणं असं की नकाराची यादी देण्यापेक्षा आपण काय देऊ शकतो ते सांगावं. उर्दू शाळांतली बैतबाजी ही जबरदस्त गोष्ट आहे. शेराच्या शेवटच्या हरूफावरून पुढचा शेर म्हणायचा, म्हणजे पाठांतर, हरूफांची ओळख आणि हजरजबाबीपणा, तिन्ही एका खेळात. हम्द आहे, नात आहे, दास्तानगोईच्या ढंगाने गोष्ट सांगणं आहे, छोटी नाटुकली आहेत. आणि मराठी म्हटलं की ते दुसऱ्याचं, असंही मानू नका. बार्शीचे शाहीर अमर शेख, ज्यांचं मूळ नाव महबूब हुसेन पटेल, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पोवाड्यांनी मैदानं गाजली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आपल्या दखनीतलं 'नक्को' तर मराठीच्या 'नको'वरूनच आलंय. हे मुलांना स्टेजवरून कळलं तर वर्गात मराठीचा तास परका वाटणार नाही.

शुक्रवार कौशल्य आणि डिजिटलचा होता. जुम्म्यामुळे उर्दू शाळांत शुक्रवारची वेळ तशीही आटोपशीर असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हा दिवस घाईत उरकला. पुस्तकांवरचा क्यूआर कोड 'दीक्षा' अॅपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ निघतात, हे दाखवलं गेलं. अडचण इतकीच की घरातला एकुलता एक स्मार्टफोन अब्बूंबरोबर कामावर जातो. संध्याकाळी मगरिबनंतर अर्धा तास तो पोराच्या हातात, पण मोठ्यांच्या डोळ्यांसमोर, एवढी सोय करता येते.

कौशल्याच्या बाबतीत मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या शाळांना बाहेरून कुणी पाहुणा बोलवायची गरजच नव्हती. लूमवर काम करणारा वालिद वर्गात येऊन ताणा-बाणा म्हणजे काय, कांडी कशी भरतात, एका मीटर कापडात आडवे धागे किती बसतात हे सांगू शकतो. यात मापन आहे, गुणाकार आहे. आणि आपल्या बापाला गुरुजींनी खुर्ची दिली, हे पोर कधी विसरत नाही.

खिचडी, रोप आणि दावत

शनिवारी दोन गोष्टी एकत्र होत्या. एक, झाडं लावणं. ५ जूनला सुरू झालेल्या 'एक पेड माँ के नाम' मोहिमेत मुलांनी आईच्या नावाने रोप लावलं. ज्यांच्या शाळेला अंगण आहे त्यांनी कडुलिंब, करंज, जांभूळ लावलं असेल. ज्यांच्या शाळेला फरशी आणि शेजारी गटार एवढंच आहे, त्यांनी कुंडीत लावलं. आमची एक सूचना: शेवगा लावा. लवकर वाढतो आणि त्याच्या शेंगा आणि पाला शाळेच्या आमटीत जातो. रोपाला मुलाच्या नावाची पाटी लावण्यापेक्षा पाणी कोण घालणार त्याच्या नावाची पाटी लावली, तर जानेवारीत रोप जिवंत दिसेल.

दुसरी गोष्ट, शालेय पोषण. आपण सगळे त्याला 'खिचडी' म्हणतो, कागदावर ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. २०२४ मध्ये राज्याने रोजच्या खिचडीऐवजी वेगवेगळ्या पाककृती, मोड आलेली कडधान्यं आणि खीर असा बेत आणला होता. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आठवड्यातून एक अंडं आणि जे अंडं खात नाहीत त्यांना फळ द्यायचा निर्णय झाला होता. ताटात काय येतं, ते मुलाला विचारा. 'आज काय जेवलास?' हा प्रश्न रोज विचारला की आठवड्याभरात सगळा हिशोब घरबसल्या कळतो. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव बघायची असते, आणि त्यात पालकही असू शकतात. रोज एका मोहल्ल्यातली एक अम्मी दहा मिनिटं जाऊन एक घास खाऊन आली, तर डाळ आपोआप घट्ट होते.

याच योजनेत तिथी भोजन आहे, आपल्या राज्यात त्याला स्नेहभोजन म्हणतात. वाढदिवस, लग्न, सण अशा निमित्ताने कुणीही शाळेतल्या मुलांना जास्तीचं काही खाऊ घालू शकतं. अकीका, वलीमा, ईद, हजहून परतल्याची दावत, आपल्याकडे निमित्तांची कमी नाही. दोन गोष्टी सांभाळा. शाळेत सगळ्यांची मुलं असतात, तेव्हा सगळ्यांना चालेल असंच द्या: शिरा, फळं, चिक्की, उकडलेली कडधान्यं. शिरखुर्म्याचा मोह होतो, पण पावसाळ्यात दोनशे मुलांना दुधाचं काही वाढणं म्हणजे धोका. आणि मुख्याध्यापकांना आधी सांगितल्याशिवाय डेग घेऊन दारात उभे राहू नका.

रविवारची खुर्ची

शेवटचा दिवस समुदाय सहभागाचा. बहुतेक पालकांनी तो चुकवला. रोजंदारीवाल्याला रविवार हाच एक दिवस मिळतो, तोही बाजारहाट आणि नातेवाइकांत जातो. त्यात चूक काही नाही. पण या दिवसामागे जी समिती आहे, ती वर्षभर असते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी माहिती आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य मुलांचे आई-वडीलच असावे लागतात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यात जागा असते. ही समिती शाळेचं काम बघते, शाळेचा विकास आराखडा करते, आलेल्या पैशांचा वापर कसा होतो त्यावर नजर ठेवते. अल्पसंख्याक संस्थांनी चालवलेल्या शाळांना मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हा कायदा लागू नाही, तिथे संस्थेशी बोलावं लागतं.

कागदावर निम्म्या महिला सगळीकडे असतात. प्रत्यक्षात रजिस्टर घरी येतं, दारातून सही होते आणि रजिस्टर परत जातं. बैठकीला शौहर किंवा दीर जातो. हे बदलायला मोर्चा लागत नाही. बैठक दुपारी मुलांना सोडायच्या वेळी ठेवा, अम्मी तशाही शाळेच्या दारात उभ्या असतात, त्या आत येतील. बायकांनी बैठकीत कोणते प्रश्न विचारायचे, तेही त्यांना शिकवावं लागत नाही. संडासाला पाणी आहे का, मुलींच्या संडासाला कडी आहे का, डाळ पातळ का होती, उर्दूची बाई तीन महिने का नाही. हेच तर विकास आराखड्यातले मुद्दे आहेत.

शिक्षकांची रिकामी जागा हा यातला सगळ्यात जड मुद्दा. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक नसला तर शेजारच्या शाळेतून मराठी माध्यमाचा शिक्षक पाठवून भागत नाही. अशा वेळी तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. समितीच्या बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, शहरात असाल तर मनपाच्या शिक्षण विभागाला, आणि पोच घ्या. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरचं काम देऊ नये, असं कायद्याचं कलम २७ सांगतं. तुमच्या शाळेतले शिक्षक सारखे दुसऱ्याच कामाला जात असतील तर तेही ठरावात घ्या.

आणि ज्यांना समितीत बसायला जमत नाही पण देण्यासारखं काही आहे, त्यांच्यासाठी 'विद्यांजली' पोर्टल आहे. शाळा आपली गरज त्यावर नोंदवते: पंखा, कपाट, इंग्रजी शिकवणारा स्वयंसेवक. मोहल्ल्यातली डी.एड. झालेली, पण घरी बसलेली एखादी बहीण आठवड्यातून दोन तास तिसरीच्या मुलांचं वाचन घेऊ शकते. मुख्याध्यापकांकडे जाऊन शाळेने तिथे काय मागितलंय ते विचारा. काहीच मागितलं नसेल तर पुढच्या बैठकीत तो विषय पत्रिकेवर घ्यायला सांगा. बैठकीची तारीख शाळेच्या फलकावर लिहिलेली असते. नसेल, तर लिहायला लावा.